लेंगा, पायजमा, विजार, सुरवार... फरक नक्की काय?

ओसरीवरचा:
आजोबांची ट्रंक आवरताना तीन पांढरे लेंगे निघाले, मांजरपाटाचे, धुऊन धुऊन इतके मऊ झालेत की हातातून सोडवेना. एक घालून बघितला आणि खरं सांगतो, घरात घालायला इतकं आरामाचं मी आजवर काही घातलेलं नाही. तसेच दोन शिवून घ्यायचेत पण टेलर जो पायजमा शिवतो ती नुसती नाडी लावलेली पॅंट असते, मांडी घातली की ताणते. आणि आजी याच कपड्याला विजारही म्हणते. तर फरक काय, आणि टेलरला सांगू काय?

जुनी_पेटी:
आजी बरोबरच म्हणतेय. विजार म्हणजे अरबी इजार. गंमत म्हणजे तिकडे इजार हे न शिवलेलं, कमरेला गुंडाळायचं वस्त्र, हजला जाणारे पुरुष आजही खाली तेच नेसतात, आपल्याकडे येईपर्यंत त्याला दोन पाय फुटले. सुरवार हा फारसी शलवार. पायजमाही फारसीच, पाय अधिक जामा, जामा म्हणजे कपडा, आपल्या जामानिमा शब्दात तोच आहे. चोळणा आणि तुमान पण याच घरातले, पण ते आता जास्त करून जुन्या लिखाणात भेटतात. लेंगा शब्द मात्र जपून वापरा, हिंदीवाल्या मित्रासमोर म्हणालात तर त्याला बायकांचा लहंगा वाटेल.

कात्री:
मी शिवणकाम करते म्हणून सांगते, खरी गोष्ट कापण्यात आहे. पॅंट अंगाच्या आकाराला कापतात, लेंगा कापडाच्या आकाराला. जवळजवळ सरळ पट्ट्या असतात, कापड वाया जात नाही, आणि दोन पायांच्या मधे एक वेगळा तुकडा जोडतात. त्या तुकड्यामुळेच मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं. शेतात, पंगतीत, वारीत दिवसभर वाकणाऱ्या बसणाऱ्या माणसाचा कपडा आहे हा. टेलर तो तुकडा गाळतात कारण वेळ जातो, आणि मग तिथेच पहिल्यांदा उसवतं. चुडीदार सुरवारीचं उलटं, तिथे कापड तिरपं कापतात म्हणून ते पायाला चिकटून बसतं आणि घोट्यावर चुण्या पडतात.
टेलरला तोंडी सांगू नका, आजोबांचा एक लेंगाच नेऊन द्या. साधारण अडीच मीटर कापड लागेल, आधी रात्रभर भिजवून वाळवून मग द्या, सुती आहे, आटणार. आणि नेफ्यात इलॅस्टिक नको, नाडीच घालायला सांगा. इलॅस्टिक वर्षात सैल पडतं, नाडी बदलता येते, शिवाय जेवल्यावर सैल करता येते.

रविवार_दुपार:
यात एक भर. इंग्रजांनी पायजमा इथूनच उचलला, 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात पण लिहिलंय की युरोपियनांनी तो इथल्या मुसलमानांकडून घेतला, घरात आणि रात्री घालायला. पुढे तिकडच्या पुरुषांचा झोपायचा लांब झगा यानेच मागे सारला आणि 1920-30 च्या काळात तिकडच्या बायका समुद्रकिनाऱ्यावर सैल पायजमे घालून फिरायला लागल्या. आज आपण नाइट सूट आणि पलाझो म्हणून दुकानातून आणतो तो त्याचाच परतीचा प्रवास, आणि मला मनापासून वाईट वाटतं की तोच कपडा लेंगा म्हटलं की पोरांना गावठी वाटतो. आमच्याकडे सदरा-लेंगा-टोपी हा बाहेर जायचा कपडा होता, झोपायचा नव्हे. लग्नाला जाताना परीटघडीचा लेंगा लागायचा.

ओसरीवरचा:
कात्रीताई, आत्ता उलटा करून बघितला, मधे तो तुकडा आहे! आणि एका लेंग्याला तो बदललेला दिसतोय, कापड वेगळं आहे, टाके हाताचे. आजीला दाखवला तर म्हणाली मीच लावला होता. टेलरला नमुना म्हणून दुसरा देतो, हा नाही देत.