४ टीबीच्या बॅकअप ड्राइव्हवर ३.६३ च दिसतात, ही फसवणूक आहे का?

तारजोड:
काल इथे एकाने लिहिलं की ४ टीबीची ड्राइव्ह घेतली, विंडोजमध्ये ३.६३ दिसली, लिनक्समध्ये ईएक्सटी४ ला (फाइली मांडून ठेवायची तिथली नेहमीची पद्धत) फॉरमॅट केली तर हातात ३.४ च उरले, म्हणजे पावलोपावली लूट आहे, तेव्हा क्विक फॉरमॅट मारा, साइज बघा आणि कमी दिसली की सरळ परत करा. वाचून डोकंच फिरलं, कारण असं वाचून लोक चांगल्या ड्राइव्ह परत करतात आणि जे तपासायला हवं ते तपासतच नाहीत. अहो, कंपनी ४ वर बारा शून्यं इतके बाइट देते आणि तेवढे मिळतातही. विंडोज त्याला चार वेळा १०२४ ने भागतं आणि पुढे टीबीच लिहितं, म्हणून ३.६३. तीच ड्राइव्ह मॅकला लावा, ४ दिसतील, कारण २००९ च्या स्नो लेपर्डपासून मॅक १००० ने भागतो. लिनक्समध्ये डीएफ या जागा दाखवणाऱ्या कमांडला छोटा एच दिला की १०२४ चा हिशोब, मोठा एच दिला की १००० चा. शंका असेल तर प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा पूर्ण आकडा बघा ना! आणि ३.४ चं कारण वेगळंच आहे, ईएक्सटी४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. सिस्टिमच्या पार्टिशनला, म्हणजे ड्राइव्हच्या त्या भागाला, ते हवंच, पण नुसत्या बॅकअपच्या ४ टीबीवर २०० जीबी अडकून पडतात. ट्यून२एफएस या कमांडला उणे एम शून्य द्या, डेटाला धक्का न लागता जागा मोकळी होते.

उंबरठा:
मीच लिहिलं होतं ते. गणित मलाही येतं हो. पण सामान्य माणसाने खोक्यावर एक टीबी वाचायचा आणि स्क्रीनवर दुसराच टीबी बघायचा, हे बरोबर कसं? १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ वाल्या मापांना गिबीबाइट, टेबीबाइट अशी वेगळी नावं दिली, तरी विंडोज अजून जीबी-टीबीच लिहितं. चूक विंडोजची म्हणा हवं तर, पण गोंधळ आमच्याच माथी येतो ना.

जुनाखिळा:
साइज कमी दिसली की आधी पार्टिशन टेबल, म्हणजे ड्राइव्हचे भाग कसे पाडलेत त्याची नोंद, बघा रे बाबांनो. माझी ४ टीबीची ड्राइव्ह २०४८ जीबीच दाखवत होती, उरलेले १६७७ च्या आसपास जीबी अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच भागात न घेतलेले, आणि त्यावर काही केल्या पार्टिशन बनेना. दोन दिवस घालवले, मग कळलं की ते टेबल जुन्या पद्धतीचं, एमबीआर आहे. ५१२ बाइटच्या सेक्टरला (ड्राइव्हवरच्या साठवणीचा सगळ्यात छोटा तुकडा) एमबीआरची मजल तिथेच संपते. टेबल नव्या पद्धतीचं, जीपीटी केलं आणि सगळी जागा मिळाली. मात्र हे डेटा टाकायच्या आधी करा.

घडीमोड:
साइजवर भांडताय, पण त्या सल्ल्यात सगळ्यात घातक काय होतं ते कुणी बोललंच नाही. क्विक फॉरमॅट! त्यात फक्त वरचा हिशोब नव्याने लिहिला जातो, बाकी ड्राइव्हला हातही लागत नाही. मी घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंचा बॅकअप अशाच ड्राइव्हवर घेतला, सात-आठ महिने सगळं छान, जागाही बरोबर दिसायची. लॅपटॉप गेला तेव्हा फोटो परत घ्यायला बसलो तर शेवटच्या तीन वर्षांचे फोल्डर वाचताच येईनात, रीड एरर. आईचे शेवटचे फोटो त्यात होते. आकडा बरोबर होता हो, खालचे सेक्टर खराब होते.

तारजोड:
वाईट वाटलं वाचून. पण म्हणून फुल फॉरमॅट सगळ्यांवर लादू नका. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला सात-साडेसात तास लागतात. आणि खराब सेक्टर बदलायचं काम ड्राइव्ह स्वतःच करते, ती आपल्या तब्येतीची नोंद ठेवते तो स्मार्टचा रिपोर्ट बघा की.

घडीमोड:
सात तास जास्त वाटतात तुम्हाला? माझे फोटो कायमचे गेलेत! आणि ड्राइव्ह बदलते म्हणजे कधी बदलते? त्या सेक्टरला हात लागल्याशिवाय तिला कळणारच कसं की तो कमजोर आहे? न वाचलेल्या, न लिहिलेल्या जागेबद्दल स्मार्ट काय डोंबल सांगणार. व्हिस्टापासून विंडोजचं फुल फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं आणि खराब जागा शोधतं. लिनक्समध्ये एमकेएफएस या फॉरमॅटच्या कमांडला दोनदा सी दिला की तेही लिहून-वाचून बघतं.

उंबरठा:
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. पहिल्या दिवशी फुल फॉरमॅट केलं आणि सहाव्या महिन्यात सेक्टर गेला तर? तुमच्या बाबतीत तसंच झालं नसेल कशावरून? तुम्ही मधल्या काळात एकदा तरी फोटो उघडून बघितले होते का?

घडीमोड:
नाही बघितले. एवढं तुमचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतोय. पण पहिल्याच दिवशी खराब असते तर फुल फॉरमॅटने पकडले असते आणि ड्राइव्ह तेव्हाच परत देता आली असती, हे तुम्हीही माना.

जुनाखिळा:
एक राहिलंच, बॅकअपची ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करणाऱ्यांनो, मोठ्या पार्टिशनवर विंडोज त्याचा क्लस्टर, म्हणजे फाइलला द्यायचा जागेचा सगळ्यात छोटा तुकडा, १२८ केबीचा करतं. लाखो बारक्या फाइली असतील तर प्रत्येकीला निदान तेवढी जागा जाते, विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएसवर हेच सहसा ४ केबी. साइज आणि साइज ऑन डिस्क हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शिवाय एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद, नाही, लिहिताना वायर निघाली तर पंचाईत.

तारजोड:
घडीमोड, सेक्टरला हात लागल्याशिवाय कळत नाही, हे मान्य. लिहिलं की ड्राइव्ह तो बदलून टाकते, नुसतं पडून राहिला तर नाही. सात तासांची तक्रार मागे घेतो, रात्री लावून झोपता येतं. पण माझंही ऐका, बॅकअप घेतल्यावर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी जुळवून बघा, नाहीतर पहिल्या दिवसाची तपासणी वर्षभर पुरणार नाही. आणि दुसरी प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर.

उंबरठा:
ड्राइव्ह परत करत नाही, आज रात्री फुल फॉरमॅट लावतो. टीबीच्या नावाबद्दल मात्र मी अजिबात हटणार नाही.