रायझन २६०० प्रोसेसर आता बदलू, की अजून वर्षभर ढकलू?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मशीन २०१८ मध्ये जोडलेलं: रायझन ५ २६०० (६ कोअर, १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामाचे १२ धागे), बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, एसएसडी. दिवसभर कोडिंग, रात्री थोडं गेमिंग. ग्राफिक्स कार्ड मात्र मागच्या वर्षी नवं घेतलंय.

हल्ली गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की चित्र अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम ३० टक्के, म्हणून मी प्रोसेसरला निर्दोष सोडून दिलं होतं. नंतर आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे एकेक थ्रेड) वेगवेगळे बघितले, तर बारा चौकटींपैकी एक छताला टेकलेली आणि बाकीच्या सुस्त. १२ थ्रेडमध्ये एक पूर्ण थ्रेड म्हणजे एकूण ८ टक्केच की! रिझोल्यूशन उतरवून पाहिलं, तरी फ्रेम तेवढेच. म्हणजे ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय.

कंपाइल करताना (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवताना) प्रोसेसरचं तापमान ९२ अंशांवर जात होतं. कूलर काढला तर पात्यांमध्ये धुळीची गोधडी, आणि थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या लेपाचा) पार खडू झालेला. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर ७४. कंपाइल सुधारलं, अडखळणं तसंच.

आता दोन वाटा दिसतात. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून याच बोर्डावर नव्या पिढीचा रायझन ५६०० किंवा ५७००एक्स बसवायचा, नाहीतर एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं. तिथे डीडीआर५शिवाय चालत नाही, म्हणजे बोर्ड आणि रॅमही नवी. सात वर्षं जुन्या बोर्डावर खर्च करणं शहाणपणाचं आहे का?

प्रतिसाद १:
बोर्ड धड असेल तर त्याच्या वयाला घाबरू नका. २६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट, प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). ५६०० मध्ये सहाही कोअर मिळून ३२ एमबी वापरतात. गेममध्ये तो फरक जाणवतोच. कंपाइलला जास्त वेळ जात असेल तर ८ कोअरचा ५७००एक्स. फक्त नुसता ५७०० उचलू नका. एका अक्षराचा फरक, पण त्यात एल३ निम्मी, १६ एमबी. आणि बायोस जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच अपडेट करा. आधी नवा बसवलात तर काळा पडदा बघत बसाल.

एक विचारायचं राहिलं: १६ जीबी म्हणजे ८च्या दोन पट्ट्या ना? एकच पट्टी असेल तर मेमरीचा रस्ता निम्माच उघडा राहतो, आणि प्रोसेसर मेमरीची वाट बघत थांबला तरी टास्क मॅनेजर त्याला कामातच धरतो. मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते बघा.

धागाकर्ता:
आत्ताच बघितलं. चारपैकी एक. 🤦 तेव्हा ‘दुसरी पट्टी पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणून १६ची एकच लावली होती, आणि तो पुढचा महिना काही उगवलाच नाही. प्रोसेसर तूर्त राहू दे. आधी जोडीची पट्टी लावतो, त्याच गेममधला तोच गर्दीचा प्रसंग पुन्हा चालवतो आणि आकडे इथेच टाकतो.