काजूबागेत मेलेले वानर आढळले. माकडतापाचा विषाणू माणसापर्यंत नेमका कसा पोहोचतो?

तिलारीकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमची काजूची बाग सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, रानाच्या कडेला आहे. मागच्या आठवड्यात बागेच्या वरच्या अंगाला, ओहोळाजवळ, काळ्या तोंडाचे एक वानर मरून पडलेले आढळले. त्याला कुत्र्यांनी फाडल्याची खूण नव्हती आणि त्या बाजूने विजेची तारही जात नाही. आम्ही हात न लावता वनखात्याला कळवले. त्यांची माणसे आली, नमुने घेतले गेले आणि शव जाळण्यात आले. अहवाल अजून यायचा आहे. परंतु बिया वेचायला येणाऱ्या बायका त्या दिवसापासून वरच्या बागेत पाऊल टाकायला तयार नाहीत, आणि त्यांना जा म्हणण्याचा धीर मलाही होत नाही.

२०१६ साली आमच्याच तालुक्यातील केर परिसरात आणि पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या बाजूला माकडतापाने (क्यासनूर जंगल रोगाने) काय केले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्या काळात माझ्या चुलत्यांना ताप आला, तेव्हा पहिले पाच-सहा दिवस तो डेंगी समजूनच औषधे चालली होती. हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यावर त्यांना गोव्याला हलवावे लागले. ते वाचले, पण पुन्हा कोयता हातात धरण्याइतकी ताकद यायला सबंध पावसाळा गेला.

वानर जिथे मेले तिथल्या ओहोळाचे पाणी आम्ही बागेला वापरतो. त्यातून हा विषाणू येऊ शकतो का? आमची सात गुरे त्याच रानात चरतात. त्यांना हा रोग होतो का, आणि त्यांच्या दुधातून तो घरात येईल का? कर्नाटकात या तापावर लस देत असत असे ऐकले होते, ती आता का मिळत नाही? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मी ते वाचून बायकांना सांगणार आहे, त्यामुळे ऐकीव माहिती नको.

गोठा आणि रान

तिलारीकाठ, आपण शवाला हात लावला नाहीत आणि लगेच कळवलेत, ही फार मोलाची गोष्ट केलीत. शव कुजल्यावर त्यातून तपासणीयोग्य नमुना मिळणे कठीण होते, म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा असतो. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो असून नोकरीची बरीच वर्षे सिंधुदुर्गात काढली आहेत. गुरांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम पाण्याविषयी. हा विषाणू पाण्यातून किंवा हवेतून पसरत नाही. तो पसरतो गोचिडीच्या चाव्यातून, आणि त्यातही मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या रानगोचिडीच्या चाव्यातून. गोठ्यात गाईच्या कानामागे फुगून बसलेली मोठी गोचीड आपण सर्वांनी पाहिलेली आहे. माणसाला धोका मात्र तिच्यापेक्षा तिच्या बाल्यावस्थेपासून अधिक आहे. गोचिडीच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था येतात. पावसाळा सरता सरता अंड्यांतून बाहेर पडलेले अळीरूप पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पक्षी किंवा वानर यांच्या अंगावर चढते, पोटभर रक्त पिते आणि खाली पालापाचोळ्यात पडून कात टाकते. त्यानंतरची जी अर्धवाढ झालेली अवस्था असते, ती साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत रानात असते, आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. ती तिळाच्या दाण्याहूनही लहान असल्याने पोटरीवर चढलेली कळतसुद्धा नाही. आपल्याकडे बिया वेचण्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा असतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपली माणसे दिवसभर वाकून पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, हात घालतात, नेमक्या त्याच महिन्यांत ही गोचीड त्या पातेऱ्यात असते.

आता वानर. काळतोंडे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही हा विषाणू झपाट्याने आजारी पाडतो आणि आजारपणात त्यांच्या रक्तात तो मोठ्या प्रमाणात वाढतो. त्या काळात अंगावर असलेली अळीरूप पिल्ले ते रक्त पितात, विषाणू घेऊन खाली पडतात, आणि कात टाकल्यानंतरही तो विषाणू त्यांच्या अंगात टिकून राहतो. शिवाय वानर मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी शव सोडून आजूबाजूला पसरतात. त्यामुळे शव जाळल्याने ती जागा निर्धोक होत नाही. पुढील काही आठवडे तेथील जमीनच धोक्याची असते. अशा जागेभोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकतात ती यासाठीच. टाकली नसेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन मागणी करावी. मात्र मेलेले प्रत्येक वानर माकडतापानेच मेलेले असते असे नाही, म्हणून अहवाल येईपर्यंत सावध राहावे, पण गावात निष्कर्ष जाहीर करू नये.

गुरांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याबाबत गैरसमजही जास्त आहेत. गाई-म्हशींना संसर्ग होऊ शकतो, परंतु त्यांच्या रक्तात हा विषाणू इतका वाढत नाही की त्यांच्यापासून तो पुढे जावा. त्यांच्या दुधातून तो माणसाला झाल्याचा पुरावाही नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून निःशंकपणे वापरावे. तरीही गुरांचा या रोगाशी संबंध आहे, आणि तो असा की पूर्ण वाढ झालेल्या गोचिडीला अंडी घालण्यापूर्वी मोठ्या जनावराचे रक्त लागते. रानात चरणारी गाय तिला ते आयते पुरवते, आणि पोट भरलेली एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. गाय रोग देत नाही, पण रोग वाहून नेणाऱ्या गोचिडीची संख्या तिच्यामुळे वाढते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात काम केलेले जॉर्ज बोशेल यांनी १९६९ सालीच हा विचार मांडला होता. जंगल तोडून मधे मधे शेते झाली, कडेला घाणेरीची झुडपे माजली आणि त्यांत गुरे चरू लागली, की रानाच्या आत मर्यादित असलेला हा विषाणू माणसाच्या अंगणाजवळ येतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. अलीकडच्या काळात पश्चिम घाटाच्या नकाशांवर झालेल्या अभ्यासांतही जंगल, बागायत आणि गुरे यांची सरमिसळ असलेल्या भागात जोखीम अधिक दिसते. आपल्या दोडामार्गचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

सूक्ष्मदर्शक

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. संशोधनाचा इतिहास आणि लस यांविषयी थोडी भर घालतो.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात एकाच वेळी माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणू लागली. तेव्हा पहिली शंका आली ती पीतज्वराची, कारण माणूस आणि माकड दोघांनाही एकत्र मारणारा रोग म्हणून तोच ठाऊक होता, आणि तो भारतात शिरला असता तर अनर्थ झाला असता. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, त्यावेळी अवघे पाच वर्षांचे होते. तेथील शास्त्रज्ञांनी आजारी माणसे, मेलेली माकडे आणि गोचिडी या तिन्हींतून विषाणू वेगळा केला, आणि तो पीतज्वराचा नसून रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या गटातला एक नवा विषाणू असल्याचे दाखवून दिले. हे काम करताना प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांना स्वतःलाच या तापाची लागण झाली. आज आपण गोचिडीविषयी जे खात्रीने बोलतो, त्याच्यामागे त्या माणसांनी पत्करलेला धोका आहे, हे मला इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

दीर्घकाळ हा रोग शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरता मानला जात असे. २०१२ नंतर मात्र तो बंडीपूर, निलगिरी आणि वायनाड येथे आढळला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि त्यापाठोपाठ आपल्याकडे. विषाणू स्वतः चालत आला की इथे पूर्वीपासून होता आणि ओळखला गेला नव्हता, यावर मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला दुसरी शक्यता सहज बाजूला सारण्यासारखी वाटत नाही, कारण जिथे तपासणीच होत नाही तिथे प्रत्येक ताप डेंगी किंवा लेप्टोस्पायरोसिसच्या नावावर जमा होतो.

लसीविषयी. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात होती. एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक (बूस्टर) मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, असा तिचा क्रम होता. २००५ ते २०१० या काळातील माहितीच्या अभ्यासात दोन मात्रांचे संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतरचे सुमारे ८३ टक्के आढळले होते. परंतु सुई दुखरी आणि मात्रा अनेक, त्यामुळे लोक मध्येच सोडून देत, आणि अपुऱ्या मात्रांवर विसंबून रानात जात. पुढे लसीची परिणामकारकता आणखी घटल्याचे दिसून आले व २०२२ साली तिचा वापर थांबला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. ती गावापर्यंत येईपर्यंत गोचिडीपासून बचाव हाच आपल्या हातातील उपाय आहे.

आरोग्यसेविका ताई

तिलारीकाठ दादा, आपल्या चुलत्यांबद्दल वाचून वाईट वाटले. मी बांदा परिसरात काम केले आहे, म्हणून रोजच्या कामात उपयोगी पडेल तेवढेच लिहिते.

हा ताप चावा घेतल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम चढतो. डोके आणि कंबर असह्य दुखते, डोळे लाल होतात, आणि काहींना उलट्या किंवा रक्तस्राव होतो. काही रुग्णांचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. त्या दुसऱ्या खेपेला मान आखडणे, थरथर, भ्रम अशी लक्षणे दिसतात, म्हणून पहिला ताप गेला की सुटलो असे समजू नये. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. या तापावर नेमके औषध नाही, पण वेळेवर सलाईन, रक्तस्रावाकडे लक्ष आणि विश्रांती मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

डेंगीतही प्लेटलेट कमी होतात आणि यातही होतात, त्यामुळे साध्या रक्त तपासणीवरून फरक कळत नाही. म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगायचे की मी काजूच्या बागेत किंवा रानात काम करते आणि तिथे वानर मेले आहे. हे एक वाक्य सांगितले गेले, तर पहिल्या काही दिवसांतच आरटीपीसीआर तपासणीसाठी रक्त पाठवता येते. उशीर झाल्यास प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) तपासणी करावी लागते. तापावर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी दुकानातून स्वतःहून घेऊ नये, कारण काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. रुग्णापासून घरातल्यांना हा ताप होत नाही. त्याला वेगळे ताट-वाटी देऊन दूर बसवण्याची गरज नाही. आमच्या भागात एका बाईंना असे बसवले होते, आणि तापापेक्षा त्याचेच दुःख त्यांना अधिक झाले.

बायकांसाठी: पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात मोजे आणि त्यात खोचलेली विजार, उघड्या अंगाला डीएमपी तेल (गोचीड दूर ठेवणारे). तेलाचा परिणाम काही तासांनी उतरतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा लावावे. झाडाखाली पातेऱ्यात थेट बसू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी, आणि काख, जांघ, गुडघ्यामागची बाजू एकमेकींनी पाहावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. गोठ्यात अंथरायला किंवा भाजावळीला (शेतजमीन भाजायला) रानातला पातेरा आपण भाऱ्याने घरी आणतो. जो माणूस कधी रानात गेला नाही त्याला ताप आला, असे घडते तेव्हा मी आधी अंगणातला तो ढीग बघते.

तिलारीकाठ (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. ताईंनी सांगितलेले पातेऱ्याचे आमच्या लक्षातच आले नव्हते. आमच्या मांगराच्या (शेतघराच्या) मागे या महिन्यात आणलेले सहा-सात भारे पडून आहेत, आणि ते त्याच वरच्या बाजूचे आहेत.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचे राहिले. गुरे गोचिडीची पैदास वाढवतात, तर ती रानात सोडणे बंदच करावे काय? वर्षभर विकतचा चारा घालणे आम्हाला परवडणार नाही. आणि त्या भाऱ्यांचे आता काय करावे?

गोठा आणि रान

चराई पूर्ण बंद करा असे मी सांगणार नाही, कारण ते आपल्याकडे कोणालाच पेलवणारे नाही. या हंगामापुरती, म्हणजे मेअखेरपर्यंत, वानर मेले त्या बाजूला गुरे नेऊ नयेत. खालच्या मळ्यात किंवा आजूबाजूच्या उघड्या कातळावर न्यावीत. गोचिडीची पूर्ण वाढ झालेली अवस्था पावसाळ्यात असते, तेव्हा गुरांना गोचीडनाशक औषध देण्यासाठी जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत उपयोगाचा आहे, कारण तेव्हा मारलेली प्रत्येक मादी पुढच्या उन्हाळ्यातील शेकडो पिल्ले कमी करते. आपल्याकडे गुरांना औषध देण्याची आठवण होते ती उन्हाळ्यात, गोचिडी डोळ्यांना दिसू लागल्यावर. दुभत्या जनावरासाठी कोणते औषध चालेल आणि किती दिवस दूध वापरू नये, हे दवाखान्यात विचारूनच ठरवावे. एकट्या आपल्या सात गुरांना देऊन फारसा फरक पडणार नाही. वाडीतल्या सर्व गुरांना एकाच आठवड्यात द्यावे लागेल, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्याला आताच पत्र द्यावे.

भारे हलवू नका. हलवताना त्यांतल्या गोचिडी अंगावर येतात, आणि तेच टाळायचे आहे. मांगराला झळ लागणार नसेल तर आहेत तिथेच जाळा. लागणार असेल तर आरोग्य केंद्राकडून त्यांवर भुकटी टाकून घ्या आणि तोपर्यंत मुलांना व कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नका. कुत्र्याच्या अंगावरूनही गोचीड घरात येते.

तिलारीकाठ (प्रश्नकर्ता)

उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जातो. भुकटी पडेपर्यंत आणि अहवाल येईपर्यंत वरची बाग बंद ठेवली आहे. त्या बाजूच्या बिया गळून गेल्या तरी चालतील. बायकांना खालच्या बागेत काम दिले असून डीएमपी तेलाच्या बाटल्या मागवल्या आहेत. अहवाल आला की इथेच कळवीन.