मोझांबिकची तूर थेट आणायची आहे, पहिलाच कंटेनर. नेमकं कुठं अडकतं?

अक्कलकोट_रोड_डाळमिल:

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. मोठी नाही, दिवसाला आठ टन तूर भरडते. जानेवारी ते मार्च दुधनी, बार्शी आणि पलीकडं गुलबर्गा इथला माल मिळतो तोवर मला कुणाची गरज नसते. पाऊस लागला की आवक आटते, आणि मग मुंबईच्या आयातदाराकडून गजरी नाहीतर मटवारा (आफ्रिकेतल्या तुरीचे प्रकार) घ्यायची. तो सांगेल तो भाव, तो पाठवेल तो माल. गेल्या वर्षीच्या एका गाडीत इतकी माती होती की चाळणीवरचा पोरगा म्हणाला, "मालक, तूर आणली का शेत आणलं?"

यंदा कागदावर पडतळ, म्हणजे माल घरात किती रुपयांना पडतो तो हिशेब, मांडली. थेट आणली तर क्विंटलमागं सव्वाशे रुपये वाचतात. वीस फुटी कंटेनरमध्ये २४ टन, म्हणजे ५० किलोचे ४८० कट्टे. तीस हजार रुपये झाले. दुबईत बसलेला एक विक्रेता माल द्यायला तयार आहे. तो म्हणतो, कागद सगळे माझ्याकडून, तुम्ही फक्त तीस टक्के आगाऊ पाठवा.

माझ्याकडं आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड आहे (मागच्या वर्षी हौसेनं काढला, अजून कोरा आहे) आणि मिलचं एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचं, राज्य लायसन्स आहे. एवढ्यावर भागेल का? क्वारंटाइन म्हणतात ते वेगळं ऑफिस असतं का? बायको म्हणते, आधी विचार, मग पैसे पाठव. म्हणून इथं विचारतोय.

न्हावाशेव्याचा_बार्शीकर:

वहिनींचं ऐका.

मी मूळचा बार्शीचा, अठरा वर्षं न्हावा-शेव्याला कस्टम्स ब्रोकरकडं आहे. पहिला कंटेनर आणणाऱ्यांची एक सवय असते: भाव ठरवतात, पैसे पाठवतात, जहाज निघतं, आणि मग फोन करून विचारतात की कागद काय काय लागतात. जहाज निघाल्यावर निम्मे कागद दुरुस्त होत नाहीत. तुम्ही वेळेवर विचारलंत.

तुमचं राज्य लायसन्स मिलपुरतं. आयातीला एफएसएसएआयचं केंद्रीय लायसन्स वेगळं लागतं, धंदा केवढाही छोटा असो, आणि ते आयईसीवरच्या नावानं आणि पत्त्यानं. फी वर्षाला साडेसात हजार. आयईसीवर घरचा पत्ता आणि लायसन्सवर मिलचा, असं केलंत तर तिथंच गाडं रुततं. तुमचा कोरा आयईसी आज काढून बघा, त्यावर कुठला पत्ता आहे.

क्वारंटाइन वेगळं ऑफिस, वेगळं खातं. ते कृषी मंत्रालयाकडं, एफएसएसएआय आरोग्य मंत्रालयाकडं. एकाला डाळ खाणाऱ्याची काळजी, दुसऱ्याला आपल्या शेताची. २००३ चा प्लांट क्वारंटाइनचा आदेश आहे. त्याच्या अनुसूच्यांमध्ये कुठलं पीक, कुठल्या देशातून, कुठल्या अटींवर आणता येतं हे ओळीनं दिलंय. तुरीसमोर तुमचा देश आहे ना ते आधी बघायचं, मग आयात परमिट काढायचं, आणि परमिटवरच्या अटी जशाच्या तशा विक्रेत्याला पाठवायच्या. हे सगळं माल भरण्याआधी. तिकडचं सरकारी खातं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, आम्ही नुसतं फायटो म्हणतो) देतं, त्यात त्या अटी शब्दाला शब्द उतरलेल्या पाहिजेत.

बंदरावर आता एकच बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडं द्यायचा आयातीचा अर्ज, भरतो आम्ही. १ एप्रिल २०१६ पासून एक खिडकी आहे, तिथूनच ते क्वारंटाइनला आणि एफएसएसएआयला जातं. नमुना काढायचा की नाही हे बहुतेकदा सिस्टीमच ठरवते. बिल जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं हवं, उशिराचा दंड वेगळा.

आणि ते तीस हजार. कंटेनर मोकळा व्हायला एक आठवडा जास्त लागला, की शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) आणि सीएफएसचं, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं, भाडं मिळून ते कधी संपले ते कळतसुद्धा नाही.

लातूरचा_डाळवाला:

बार्शीकरांनी फायटोचं सांगितलं, पण त्यातला एक रकाना राहिला. त्याच रकान्यानं माझा कंटेनर अडवला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फायटोवर खाली 'ट्रीटमेंट'चा भाग असतो. धुरी कशाची दिली, किती मात्रा, किती तास, किती तापमान, कुठल्या तारखेला. माझ्या विक्रेत्यानं मिथाइल ब्रोमाइडची धुरी खरोखरच दिली होती आणि फ्युमिगेशन कंपनीचं वेगळं सर्टिफिकेटही जोडलं होतं. पण फायटोवरचा तो भाग कोरा. कारण फायटो आधी काढलं आणि धुरी दोन दिवसांनी दिली! इथल्या अधिकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: तिकडच्या सरकारनं जे लिहिलं तेच मी धरणार, खासगी कंपनीचा कागद नाही. इथं पुन्हा धुरी द्यावी लागली, वर जादा शुल्क. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "शेठ, यापूर्वी कुणी विचारलं नव्हतं." तेव्हा आधी धुरी, मग फायटो. मसुदा मागवायचा, स्वतः डोळ्यांखालून घालायचा, मगच माल जहाजावर चढू द्यायचा.

आता अन्नसुरक्षेचं. आपण डाळवाले किडीला घाबरत नाही. चाळलं, वारा मारला, भुंगा गेला, असं आपलं गणित. प्रयोगशाळेत ते चालत नाही. तिथं युरिक ॲसिड मोजतात, किलोला १०० मिलीग्रॅमची मर्यादा आहे. युरिक ॲसिड येतं किड्याच्या विष्ठेतून. किडा मेला, चाळणीनं निघून गेला, तरी दाण्यात त्यानं जे केलं ते मागं राहतं. त्यामुळं वरून चकचकीत दिसणारी, मशीनवर मारलेली जुनी तूर इथं नापास होऊ शकते. नव्या हंगामाची तूर घ्या. मोझांबिकचा नवा माल आपल्या श्रावणाच्या सुमारास तिकडच्या बाजारात यायला लागतो. त्याआधी कुणी स्वस्तात देत असेल तर तो गेल्या सालचा.

दुसरं अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. डाळींना किलोला १५ मायक्रोग्रॅम. ही बुरशी ओलाव्यानं येते, आणि बंद कंटेनर समुद्रावर दिवसा तापतो, रात्री गार होतो, छताला पाणी धरतं. मी करारात ओलावा १२ टक्के लिहून घेतो आणि आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला लावतो. विक्रेता कुरकुर करतो. करू दे.

तिसरं, कीटकनाशक-तणनाशकाचे अंश. ज्या औषधाची मर्यादा आपल्याकडं ठरलेली नाही तिथं सरसकट किलोला ०.०१ मिलीग्रॅम धरतात, म्हणजे जवळपास शून्यच. आफ्रिकेतला छोटा शेतकरी फवारणी कमी करतो, त्यामुळं तुरीत हा त्रास मी फारसा पाहिला नाही. पण उद्या कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या मसुराकडं वळलात तर ग्लायफोसेट या तणनाशकाचा अहवाल आधी मागा. २०१८ पासून त्यावर डोळा आहे. आणि राजमा आणायचं डोक्यात आलं तर लक्षात ठेवा, जीएम (जनुक बदललेलं वाण) नसल्याचं सर्टिफिकेट लागणाऱ्या २४ पिकांत राजमा आहे. तूर नाही.

विक्रेत्याकडून माल भरण्याआधीचा सीलबंद नमुना मागवून इथल्या एनएबीएल मान्य (सरकारमान्य दर्जाच्या) प्रयोगशाळेत तपासून घ्या. चार पैसे जातात, पण रात्री झोप लागते.

यार्डातला_आडत्या:

सगळे कागदावरच बोलतायत. मी भावावर बोलतो.

अक्कलकोट रोडवाले, तुम्ही आज पडतळ मांडली ती आजच्या शुल्कावर. माल यायला दीड-दोन महिने. मधे दिल्लीनं काय केलं तर? तुरीवरची शुल्कमाफी मुदतीची असते आणि ते मुदत वाढवत आलेत. पण पिवळ्या वाटाण्याचं बघितलं ना? डिसेंबर २०२३ मध्ये शुल्क काढलं, सगळ्यांनी आणला, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून थेट ३० टक्के. ज्यांच्या बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावर माल चढल्याच्या पावतीवर) ३१ ऑक्टोबर किंवा आधीची तारीख होती ते सुटले. एका दिवसावर लोकांचं वर्ष ठरलं. सौदा करायच्या दिवशी अधिसूचना स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सॲपवरची नको.

साठ्याचंही तसंच. जून २०२३ मध्ये तूर-उडदावर साठा मर्यादा आली तेव्हा आयातदाराला कस्टम्समधून सुटल्यापासून ३० दिवसांच्या वर माल धरता येत नव्हता. तुम्ही मिलवालेही आणि आयातदारही होणार, म्हणजे सरकारी पोर्टलवर साठ्याची माहिती भरायची सवय लावून घ्या.

माझं मत विचाराल तर पहिला कंटेनर हाय सीजवर घ्या. मुंबईवाला माल समुद्रावर असतानाच तुमच्या नावे करून देतो, कागद तयार असतात, फक्त सोडवणं तुमच्याकडं. शिकायला तेवढं पुरे.

न्हावाशेव्याचा_बार्शीकर:

आडत्याशेठ, सल्ला वाईट नाही, पण एक मेख आहे. हाय सीजमध्ये बिल ऑफ एन्ट्री मिलवाल्यांच्या नावे भरलं जाणार, म्हणजे केंद्रीय लायसन्स तरीही लागणारच. आणि क्वारंटाइनचं परमिट मूळ आयातदाराच्या नावावर असलं, बिल दुसऱ्याच्या, तर खिडकीवर प्रश्न येणारच. मुंबईवाल्याशी बोलताना पहिला प्रश्न हा विचारायचा, भाव नंतर.

बारदान्याचं एक सांगायचं राहिलं. ५० किलोच्या कट्ट्याला जीएसटीची भानगड नाही. कुणी २५ किलोची छापील पिशवी सुचवली तर थांबा, २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-कडधान्याला जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. कट्ट्यावर मालाचं नाव, वजन, लॉट नंबर, तारीख, मूळ देश हे तिकडूनच छापून यायला हवं. तुमचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा लोगो-नंबर राहिला तर बंदरावर स्टिकर लावू देतात. लॉट नंबर राहिला तर स्टिकर चालत नाही.

अक्कलकोट_रोड_डाळमिल:

मंडळी, तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण शोध घेत होतो.

एक, आयईसीवर पत्ता होटगी रोडच्या जुन्या भाड्याच्या घराचा निघाला. ते घर सोडून आम्हाला चार वर्षं झाली. मागच्या वर्षी ज्यानं अर्ज भरला त्यानं आधार कार्डावरून उचलला. तो बदलायला टाकलाय.

दोन, विक्रेत्याकडं जुन्या एखाद्या सौद्याचे कागद नमुन्यादाखल मागितले. आधी टाळाटाळ, मग पाठवले. कोटेशनवर मोझांबिक लिहिलंय, बंदर नकाला. पण फायटो आणि ओरिजिन सर्टिफिकेट दोन्ही मलावीची! मी विचारलं तर म्हणे, तूर तीच, वाट तीच, फरक काय?

न्हावाशेव्याचा_बार्शीकर:

फरक एवढाच की तुमचा कंटेनर सुटणार नाही. मलावीला समुद्र नाही, तिथला माल नकाला नाहीतर बेइराहूनच निघतो, त्यात गैर काही नाही. पण मग परमिट मलावीचं काढायचं, अटी मलावीसमोरच्या बघायच्या, करारात, इन्व्हॉइसवर आणि कट्ट्यावर मलावीच लिहायचं. मोझांबिकचं परमिट आणि मलावीचं फायटो एकत्र आले तर कस्टम्स म्हणणार माल कुठला ते आधी सांगा. माल कुठं पिकला ते महत्त्वाचं, कुठं चढला ते नाही. त्याला लेखी विचारा: यंदाचा माझा माल कुठल्या देशात पिकणार?

लातूरचा_डाळवाला:

आणि तीस टक्के आगाऊ नकोच. बँकेत कागद आल्यावर पैसे, असा सौदा बघा. आगाऊ पाठवले की सहा महिन्यांत माल आल्याचं बिल ऑफ एन्ट्री बँकेला दाखवावं लागतं, नाहीतर बँक तुमच्या मागं. माल नाही, पैसे नाहीत, वर बँकेची पत्रं.

अक्कलकोट_रोड_डाळमिल:

विचारलं. काल रात्री उत्तर आलं: "देश माल भरताना कळवू." बायकोला वाचून दाखवलं, तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

त्याला नको म्हणालो. केंद्रीय लायसन्सचा अर्ज मात्र पत्ता बदलून आला की टाकणारच, ते वाया जात नाही. आडत्याशेठ, तुमच्या ओळखीचा तो मुंबईवाला हाय सीजला एकच कंटेनर देईल का, की पाच घ्यावे लागतील? आणि परमिट कुणाच्या नावावर आहे ते तुम्हीच विचारा, मी विचारलं तर त्याला वाटेल नवखा आहे.

यार्डातला_आडत्या:

नवखेच आहात की! विचारतो. सोमवारी यार्डात या, चहा तुमच्याकडून.