सायप्रसला मुलांना घेऊन वॉटरपार्कला जायचं, मे महिन्यात की दसऱ्याच्या सुट्टीत?

टिळकवाडीची_वैनी:
नमस्कार. माझे दीर लिमासोलला हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहेत, चार वर्षं झाली या या म्हणून बोलवतायत, शेवटी यंदा भिशीचे पैसे आले की जायचंच असं ठरवलंय. मी, मिस्टर, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 चा आणि सासूबाई. मुलांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून तिथल्या आयिया नापा गावच्या वॉटरवर्ल्ड या वॉटरपार्कचा जप लावलाय. शाळेला सुट्टी मे मध्ये म्हणून तेव्हाचंच बघतोय. पण मला पोहायला अजिबात येत नाही, मिस्टरांना विहिरीत डबा बांधून शिकलेलं तेवढंच येतं, सासूबाई साडीशिवाय काही नेसत नाहीत आणि घरात सगळे शाकाहारी. एवढ्या लांब जाऊन वॉटरपार्कात दिवस घालवावा का, आणि गेलं तर काय काय बघायला लागतं ते कोण जाऊन आलं असेल तर सांगा.

खानापूरचा_दर्यावर्दी:
वैनी, मी जहाजावर असतो, आमच्या कंपनीचं ऑफिस लिमासोललाच, त्यामुळं घरच्यांना घेऊन दोनदा जाऊन आलोय, एकदा मे च्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा ऑक्टोबरात. माझं ऐकाल तर मे नको बघा. आपल्याला वाटतं मे म्हणजे उन्हाळा, बाहेर ऊन असतंय, पण समुद्र लवकर तापत नाही, मे मध्ये पाणी 20-21 डिग्रीच्या आसपास. आपल्या पोरांना त्यात पाच मिनिटं काढणं कठीण, माझी धाकटी ओठ निळे करून बाहेर आली आणि परत आत जायला तयारच नाही. वॉटरपार्कातलं पाणीपण तेव्हा गारच लागलं. तेच ऑक्टोबरात उन्हाळाभर तापलेला समुद्र असतो, 24-25 डिग्री, ऊनपण सोसवेल असं, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी गेलेली, एकेका घसरगुंडीला अर्धा अर्धा तास उभं राहायला नको. आपल्या कर्नाटकच्या शाळांना दसऱ्याची सुट्टी साधारण तेव्हाच पडते. फक्त सीझन संपत आलेला असतो, वेळ कमी करतात, म्हणून पार्क कधी बंद होतंय ती तारीख साइटवर बघूनच विमानाचं तिकीट काढा.

दुसरं म्हणजे वॉटरवर्ल्ड आयिया नापाला, लिमासोलपासून शंभरेक किलोमीटर. 1996 पासून चालू आहे, सगळं ग्रीक पुराणावर रचलेलं, लाटांच्या तलावाला पोसायडन या समुद्रदेवाचं नाव, लहान पोरांसाठी ट्रॉयच्या लढाईतला, पोटात सैनिक लपवलेला लाकडी घोडा. पोरांना गोष्ट आधी सांगून न्या, माझी थोरली तो घोडा बघून नाचायलाच लागली. पण दिरांच्या घराजवळ फासूरी वॉटरमेनिया हे दुसरं वॉटरपार्क आहे, लिंबू-संत्र्यांच्या बागांच्या पट्ट्यात, सासूबाई बरोबर असताना तेच सोयीचं. गाडी घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. तिथं 1960 पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात.

शहापूरची_आई:
मी बायकांच्या बाजूचं सांगते. सुती कपडे, जीन्स, साडी घालून पाण्यात सोडत नाहीत. मी आपल्या इथून लांब बाह्यांचा, पायघोळ लायक्राचा (ताणणाऱ्या कापडाचा) पोहण्याचा ड्रेस घेऊन गेले होते, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सासूबाईंना सावलीतली खुर्ची धरून द्या, पण आत येणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट लागतं हे आम्हाला दारात कळलं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरीच ठेवून जा. माझं मंगळसूत्र घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर काढायला लावलं, लॉकर तिथून लांब, मी ते मुठीत धरून परत एवढ्या पायऱ्या उतरून गेले, भिजलेल्या हातात मणी घसरत होते आणि जीव नुसता टांगणीला. आमच्या मुलाला सकाळी एकदाच सनस्क्रीन लावलं आणि विसरलो, रात्री खांदे असे लाल की बनियन घालता येईना, पुढचे दोन दिवस खोलीतच गेले. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आलं की परत लावा. फरशी तापते, पायात पाण्यातले बूट पाहिजेत. जेवणाची काळजी नको, फलाफल (छोल्यांचे वडे), हुमूस (छोल्यांची चटणी), तिथलं हलूमी चीज तव्यावर भाजलेलं, सगळं मिळतं. सासूबाईंसाठी दशम्या न्या, पार्काबाहेर खायला होतील.

गोवावेसचे_सर:
मी बरीच वर्षं पोहायला शिकवतोय म्हणून एक कळकळीनं सांगतो. बुडणारं पोर ओरडत नाही, हात हलवत नाही, नाकातोंडात पाणी गेलं की आवाजच फुटत नाही, वीस-तीस सेकंदांत गप खाली जातंय. लाटांच्या तलावात वरून टायरी पसरलेल्या असतात, त्यांच्याखाली पोर गेलं तर काठावरून दिसत नाही. मुलगा 6 चा आहे, तो हात लांब केला की धरता येईल एवढ्यातच पाहिजे, आणि कोण धरणार ते आधी ठरवा, मिस्टर म्हणणार ती बघतीय, तुम्ही म्हणणार ते बघताहेत, असंच होतंय. दंडावरच्या फुग्यांवर विसंबू नका, लाइफ जॅकेट मागून घ्या, कमरेचा पट्टा घट्ट आवळा. मोठ्या घसरगुंड्यांना बऱ्याच ठिकाणी 120 सेंटिमीटर उंची लागते, घरीच मोजून जा नाहीतर तिथं वर चढून रडत उतरायला लागेल. अजून वेळ हाय, तुम्हीपण शिका वैनी, दोन महिन्यांत पाण्यावर तरंगायला येतंय.

टिळकवाडीची_वैनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दसऱ्याचंच धरलं, दिरांनाही सांगितलं, ते म्हणाले फासूरीलाच जाऊ, रजा टाकतो. पोराला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं, 113 भरला, लगेच टाचा वर करून परत मोज म्हणाला. सासूबाई म्हणाल्या मी सावलीत बसते पण त्या समुद्रात पाय तरी बुडवणार. आणि सर, पुढच्या महिन्यापासून मी आणि मुलगी दोघी टँकवर येतोय.