मदत हवी आहे : एमएसमध्ये उच्चार अडतो की शब्द सापडत नाही, हे घरी कसं ओळखावं?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, म्हणजे मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार) या दोन अडचणी सर्रास एकमेकींत मिसळतात. पहिलीत, लहान मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंचं आवरण झिजलं की शब्द अक्षराअक्षराने तुटक येतात, आवाज मध्येच चढतो, पडतो. दुसरीत उच्चार स्वच्छ, पण विचारांचा वेग मंदावल्यामुळे शब्द ओठांवर येऊन अडतो. (लोक त्याला विसरभोळेपणा म्हणून मोकळे होतात!) उकाड्यात आणि थकव्यात दोन्ही वाढतात. ताप-संसर्ग नसताना नवी तक्रार २४ तासांहून जास्त टिकली तर अर्थातच डॉक्टर.

१ मिनिट उतारा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणं आणि १ मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगणं, एवढ्यावरून फरक कळेल का? प्राण्यांचा आकडा नुसत्या सरावानेही वाढतो; मग ही चाचणी किती दिवसांनी घ्यावी?