युवराज रुप्रेख्त: शोभेचा सेनापती की खरा?

खानापूरकर: पहिल्या महायुद्धातले जर्मन राजघराण्यातले सेनापती नुसते नावाला, काम सगळं चीफ ऑफ स्टाफचं (सेनापतीच्या हाताखालचा मुख्य योजना-अधिकारी), असं सरसकट लिहिलेलं वाचतो. बव्हेरिया या जर्मन राज्याचा युवराज रुप्रेख्त, त्यालाही हे लागू होतं का? आणि आपल्या भागातले मराठा पलटणींचे जवान फ्रान्समध्ये त्याच्यासमोर होते का?

निपाणी_वाचक: दादा, तो तयारीचा सैनिक होता. 1886 पासून लष्करात, 1906 पासून बव्हेरियाच्या पहिल्या कोअरचा (काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी फौज) प्रमुख. ऑगस्ट 1914 मध्ये फ्रान्सच्या सीमेवरच्या लोरेनमध्ये सहावी आर्मी त्याच्याकडे आली, चीफ होता क्राफ्ट फॉन डेल्मेन्सिंगेन. हुकमाचा मसुदा चीफने करायचा, सही सेनापतीची, ही जर्मन पद्धतच होती. सामान्य घरातल्या सेनापतींनाही तीच लागू.

योजना अशी होती की फ्रेंचांना आत ओढून अडकवून ठेवायचं. या दोघांनी प्रतिहल्ल्याचा आग्रह धरला. 20 ऑगस्टला मोरांज-सारबुर्गला फ्रेंच हटले खरे, पण आपल्याच तटबंदीकडे. पुढे शार्म खिंड आणि नान्सीपुढच्या टेकड्यांवर सहावी आर्मी अडकून बसली. ही चूक दोघांची, एकट्या चीफची नव्हे.

कॅम्प_बेळगाव: मराठा पलटणींचं मुख्य रणांगण मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. कुत 29 एप्रिल 1916 ला पडलं. रुप्रेख्तच्या सहाव्या आर्मीसमोर जी हिंदी फौज होती, तिची ठळक लढाई उत्तर फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावाची. 10 मार्च 1915, सकाळी साडेसातपासून 35 मिनिटं ब्रिटिशांचा तोफमारा, 8.05 ला पायदळ पुढे. 39 व्या गढवाल रायफल्सची पहिली पलटण उजवीकडे भरकटली आणि तोफमारा न झालेल्या सुमारे 200 यार्ड खंदकावर जाऊन आदळली. तिथली तार शाबूत होती, त्यामुळे माणसं फार पडली. गाव सकाळीच हाती आलं, पण टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. पुढे सरकण्याचा हुकूम पोचेपर्यंत दुपार सरली आणि जर्मनांना राखीव फौज आणायला वेळ मिळाला. 12 तारखेचा त्यांचा प्रतिहल्ला मात्र फसला. नंतर त्यांनी बांध जाड केले, तार रुंद केली. 9 मे ला जवळच्या ओबेर टेकडीवर ब्रिटिशांचा 40 मिनिटांचा तोफमाराही अपुरा पडला.

खानापूरकर: म्हणजे पुढे त्याचा शब्द चालत होता?

निपाणी_वाचक: सगळीकडे नाही. ऑगस्ट 1916 पासून तो आर्मी ग्रुपचा (अनेक आर्म्यांचा गट) प्रमुख, चीफ हेर्मान फॉन कूल. फेब्रुवारी-मार्च 1917 मध्ये सीगफ्रीड फळीवर (मागे बांधलेली नवी संरक्षण फळी) माघार घेताना घरं पाडायची, झाडं तोडायची, विहिरी निकामी करायच्या, असा हुकूम होता. माघारीने आघाडी सुमारे 40 किलोमीटरने आखूड झाली, डिव्हिजन मोकळ्या झाल्या. ते त्याला पटत होतं. गावांची नासधूस मात्र अजिबात पसंत नव्हती. राजीनाम्याचाही विचार केला, पण बव्हेरिया आणि बर्लिनमध्ये फूट पडल्यासारखं दिसेल म्हणून थांबला.

मार्च 1918 च्या हल्ल्यात तर त्याचे हात बांधलेलेच होते. सतरावी आणि दुसरी आर्मी त्याच्याकडे, अठरावी जर्मन युवराज विल्हेल्मकडे. एकच लढाई दोन ग्रुपांत वाटून जर्मन सरसेनेची सूत्रं हलवणाऱ्या लुडेन्डॉर्फने मधली सूत्रं स्वतःकडे ठेवली. सतरावी अडखळली, अठरावी सगळ्यात पुढे गेली आणि लुडेन्डॉर्फ रोख बदलत राहिला. ऑगस्टमध्ये रुप्रेख्तने प्रिन्स माक्स फॉन बाडेन या जर्मन राजपुत्राला पत्र लिहून लवकर तह करा असं कळवलं.